रात्री चिखलातून सायकल: सुरुवातीला एवढं सांभाळा

रात्रीच्या जंगलात सायकल घालायचं ठरवलंत, हे फार छान. जी वाट दिवसा तोंडपाठ झाली आहे, तीच आधी धरा. अनोळखी वाट नंतर.

दिवे दोन हवेत: एक हँडलबारवर, एक हेल्मेटवर. नवखे बहुतेक एकावरच भागवतात. हँडलबारचा दिवा चाकाच्या दिशेनेच पाहतो. वळणापलीकडचं दाखवतो तो हेल्मेटचा. एक विझला तरी दुसरा असतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेही धरून चला.

चिखलापेक्षा जपायचं ते ओल्या मुळांना. मुळावर चाक तिरकं पडलं की निसटलंच. शक्यतो काटकोनात ओलांडा, वेग आधीच कमी करा आणि मुळावर असताना ब्रेकला हात लावू नका. घाबरून पुढचा ब्रेक आवळणं ही नेहमी दिसणारी चूक, आणि त्यामुळे पडायला होतं.

बाकी थोडक्यात:
- टायरमधली हवा नेहमीपेक्षा २-३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी.
- चढावर सीट सोडू नका, हलक्या गिअरवर सलग पेडल मारा.
- नजर चाकाशी नको, उजेड पोहोचेल तितकी लांब.
- एकट्याने जाऊ नका.

सस्पेन्शन, खास टायर वगैरे सध्या राहू द्या. वाट पार भिजून लिबलिबीत झाली असेल तर मात्र परत फिरा. चाकांच्या चऱ्या पडून ती खराब होते. घरी आल्यावर साखळी पुसून तेल द्या, बेअरिंगवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका.