पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन नाही

प्रश्न : चाचणीसाठी काही वापरकर्ते टर्मिनलवरून इन्सर्ट कमांड देऊन थेट टेबलात टाकले. पासवर्ड बीक्रिप्टने एन्क्रिप्ट करून टाकले आहेत. तरी लॉगिन होत नाही. असं का?

उत्तर : आधी शब्द नीट करू. एन्क्रिप्ट केलेलं किल्लीने उलगडता येतं. बीक्रिप्ट हॅश करतं, म्हणजे पासवर्डपासून अक्षरांचा एक ठसा काढतं; तो उलगडत नाही. त्यात दर वेळी नवा सॉल्ट, म्हणजे यादृच्छिक अक्षरांची भर, पडतो, त्यामुळे एकाच पासवर्डचे दोन हॅश वेगळे दिसतात. दोन हॅश डोळ्यांनी जुळवत बसू नका, लायब्ररीतलं पडताळणीचं फंक्शन वापरा.

आता टेबलातल्या हॅशची लांबी मोजा. ती नेमकी 60 अक्षरं हवी: सुरुवातीची 7 पद्धत आणि कॉस्टची (हॅश काढायला किती काम करायचं तो आकडा), मग सॉल्टची 22, उरलेली 31 हॅशची. 50 भरली तर कॉलमच अपुरा आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसचा स्ट्रिक्ट मोड (कडक तपासणी) बंद असेल तर जास्तीची अक्षरं फक्त इशारा देऊन कापली जातात. कॉलम 255 चा ठेवा.

तुमच्या बाबतीत मात्र माझा संशय शेलवर, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमवर आहे. हॅशच्या सुरुवातीला डॉलर, 2, बी, डॉलर, 10, डॉलर असं असतं. कमांड दुहेरी अवतरणात दिली की बॅश हा शेल प्रत्येक डॉलरला व्हेरिएबल समजतो आणि रिकामी किंमत भरतो. टेबलात उरतं 'बी' आणि '0', फार तर पुढचं शेपूट. एरर काही येत नाही! इन्सर्ट फाइलमध्ये लिहा आणि ती फाइल चालवा.

60 भरूनही जुळत नसेल, तर हॅश करताना पासवर्ड 'एको' कमांडने पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला) दिला होता का? तो शेवटी नवी ओळ जोडतो आणि हॅश त्या ओळीसकट होतो. जावाच्या स्प्रिंग सिक्युरिटी या लायब्ररीत, आवृत्ती 5 पासूनच्या नेहमीच्या मांडणीत हॅशच्या आधी महिरपी कंसात 'बीक्रिप्ट' लागतं.

खरं तर हाताने हॅश चिकटवूच नयेत. ॲपच्याच कोडमधून सीडिंग करा, म्हणजे चाचणीचा डेटा भरा. जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये 'क्रिएट यूजर' वापरा. नुसतं 'क्रिएट' पासवर्ड आहे तसा साठवतं. मॉडेल स्वतः हॅश करत असेल तर त्याला साधा पासवर्ड द्या, नाहीतर हॅशचाच हॅश होतो. ईमेलसाठी 'एक्झाम्पल डॉट कॉम' वापरा, ते नाव अशाच कामासाठी राखीव आहे.

प्रश्न : दोन हजार वापरकर्ते तयार करायला फार वेळ लागतो. कॉस्ट 10 आहे.

उत्तर : हॅश एकदाच काढा आणि सगळ्यांना तोच द्या, चाचणीत चालतं. शिवाय चाचणीच्या सेटिंगमध्ये कॉस्ट 4 करा. प्रत्येक पायरीला काम दुप्पट होतं, म्हणजे इथे 64 पटीने कमी. पण कॉस्ट हॅशमध्येच कोरलेली असते. जुने हॅश तसेच ठेवलेत तर लॉगिनच्या चाचण्या पूर्वीइतक्याच रेंगाळतील.