पाचगणीला बिऱ्हाड हलवण्याआधी जुलैचा हिशेब करा

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं तिशीतले, पुण्यात वाकडला राहता, मुलगी चार वर्षांची आणि मुलगा नुकता वर्षाचा झालाय. तुमचं काम घरून चालतं, पत्नी रुग्णालयात परिचारिका आहेत. पाचगणी किंवा महाबळेश्वरला कायमचं राहायला जायचं मनात आहे, पण ‘तिथे नोकऱ्या कुठे आहेत’ असं जो तो म्हणतो. तर जावं का?

आम्ही मे २०१९ मध्ये पुणे सोडून पाचगणीला आलो, तेव्हा आमची मुलगी चार वर्षांची होती आणि मुलगा आठ महिन्यांचा. म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. आम्ही अजून इथेच आहोत आणि परत जायचा विचार नाही. पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली आहे. तुमचं काम तुमच्याबरोबर घाट चढून येईल. पत्नीच्या कामाचं काय? प्रश्नात त्यांच्याबद्दल एकच वाक्य आहे, आणि माझ्या अनुभवाने सांगते, तुमचं इथलं राहणं त्या एका वाक्यावर ठरणार आहे.

आमचं असंच झालं होतं. माझे यजमान गणिताचे शिक्षक. त्यांना इथल्या एका निवासी शाळेत नोकरी मिळाली, राहायला क्वार्टर, मुलीला शाळेत प्रवेश. पगार पुण्यापेक्षा आठ हजारांनी कमी, पण घरभाडं नाही म्हणून कागदावर सगळं छान जमत होतं. मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, नऊ वर्षं. ‘तुला काय, मिळेल काहीतरी’ असं आम्ही दोघंही म्हणालो आणि निघालो. ते काहीतरी मिळायला मला दीड वर्ष लागलं.

निवासी शाळेतली नोकरी काय असते हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. तास संपले की शिक्षक घरी येतो असं नाही. संध्याकाळचा अभ्यासवर्ग, जेवणाच्या वेळची देखरेख, रविवारी मुलांना फिरायला नेणं, आळीपाळीने रात्रपाळी. ते दिवसभर तीनशे मुलांमध्ये आणि मी दोन मुलांबरोबर दोन खोल्यांत, बाहेर धुकं. जून ते सप्टेंबर मी मोठ्या माणसाशी धड बोलले ते दूधवाल्याशी आणि फोनवर आईशी. २०१९ चा पाऊस तर ऑक्टोबर संपेपर्यंत हटला नाही. स्ट्रॉबेरीवाल्यांची रोपं कुजली, लागवडी लांबल्या. त्या ऑक्टोबरात मी एकदा बॅग भरून ठेवली होती, हे यजमानांना खूप नंतर सांगितलं.

आता नोकऱ्यांचं. पाचगणी काय, महाबळेश्वर काय, २०११ च्या जनगणनेत दोन्ही गावं पंधरा हजारांच्या आतली. पोट तीन गोष्टींवर: पर्यटन, निवासी शाळा आणि स्ट्रॉबेरी. हॉटेलांतली बरीच माणसं बाहेरून येतात, तिथेच राहतात आणि सीझन संपला की जातात. स्ट्रॉबेरी सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतात, नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत तोडणी. रोजंदारीचं काम भरपूर, महिन्याच्या पगाराचं कमी. फळांच्या प्रक्रियेचे उद्योग आहेत, त्यात १९५९ मध्ये पाचगणीतच सुरू झालेलं मॅप्रो सगळ्यांना माहीत आहे. शाळांमध्ये शिक्षक, मेट्रन, परिचारिका, हिशेबनीस लागतात, पण या जागा बहुतेकदा तोंडोतोंडीच भरतात. पुण्यात बसून अर्ज करून उपयोग नाही. इथे राहावं लागतं, चार जणांना ठाऊक व्हावं लागतं की ही बाई अमुक काम करते.

एक गोष्ट मला इथे आल्यावर कळली आणि तिने माझा दृष्टिकोनच बदलला. आमच्या शेजारच्या मावशी दांडेघरच्या बाजूच्या. त्यांचे सासरे माथाडी कामगार म्हणून मुंबईला गेले, नवरा वाशीच्या बाजारात, आता मुलगाही तिकडेच. महाबळेश्वर, जावळी, पाटण या तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं कामासाठी घाट उतरून मुंबईला जात आली आहेत. मावशी एकदा म्हणाल्या, “आमची माणसं पोटासाठी खाली गेली, तुम्ही वर आलात. तुमचं पोट कुठाय ते आधी बघा.” त्यात टोमणा नव्हता. मनापासून काळजीने बोलल्या होत्या.

मार्च २०२० मध्ये ते पोट दिसलं. टाळेबंदी झाली, मुलं घरोघरी गेली, वसतिगृहं रिकामी, हॉटेलं बंद, सगळ्या बाजारपेठेत सामसूम. यजमानांचा पगार निम्मा झाला आणि तो निम्मा पगारही दोन-दोन महिने उशिरा. घर शाळेचं, म्हणजे नोकरी गेली असती तर छप्परही गेलं असतं. क्वार्टरचा हा अर्थ आम्हाला तेव्हा समजला. त्या वर्षाच्या अखेरीस मला वाईला एका लॅबमध्ये जागा मिळाली. पाचगणीहून वाई बारा किलोमीटर, पसरणी घाट उतरला की आलंच. सकाळच्या एसटीने जायचं, तीनच्या गाडीने परत. मुलाला मावशींनी सांभाळलं. तो आजही त्यांना आजी म्हणतो.

त्या नोकरीने आमचं इथलं राहणं वाचवलं. पैशांनी अर्धं, आणि उरलेलं अर्धं या गोष्टीने की रोज सकाळी मी घाट उतरून उन्हात जात होते. वाई पर्जन्यछायेत आहे. वर धुक्यात हात दिसत नाही तेव्हा खाली कृष्णेच्या घाटावर कपडे वाळत असतात.

म्हणून तुम्ही ‘पाचगणी किंवा महाबळेश्वर’ असं एका दमात लिहिलंय ते पुन्हा तपासा. दोन गावांत अंतर वीस किलोमीटरचंही नाही, पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पाचगणीला त्याच्या निम्माही नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पडला, आंबेनळी घाटात दरडी कोसळल्या आणि पोलादपूरकडचा रस्ता बंद झाला. एवढी लहान मुलं घेऊन पहिल्यांदा येताय तर महाबळेश्वर नको, असं मी स्पष्ट सांगेन. पाचगणी बघा, आणि वाईही मनात ठेवा. वाईत राहून रविवारी वर येणारी कुटुंबं मला माहीत आहेत आणि ती सुखात आहेत. शाळा, दवाखाने, बाजार सगळं तिथे हाताशी आहे.

पत्नी परिचारिका आहेत, ही मोठी जमेची बाजू. मला जे दीड वर्ष लागलं ते त्यांना बहुधा लागणार नाही. निवासी शाळांना आजारी मुलांच्या खोलीसाठी परिचारिका हवीच असते, वाईत रुग्णालयं आहेत, आणि ही पाचगणी तर एकेकाळी क्षयरोग्यांच्या आरोग्यधामासाठीच ओळखली जायची. पण आधी त्यांना विचारा की त्यांना कोणतं काम करायचंय. मोठ्या रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात काम केलेल्या बाईला शाळेतली तापाची गोळी आणि गुडघ्याची मलमपट्टी पुरेल का, हे त्यांनीच ठरवायचंय. मला कुणी असं विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

दवाखान्याचं आणखी एक. ऑगस्ट २०१९ मध्ये रात्री दोनला मुलाला धाप लागली. छाती आत ओढली जात होती. शाळेचे चालककाका उठून गाडी घेऊन आले. घाटात धुकं इतकं की काका खिडकीबाहेर डोकं काढून रस्त्याची पांढरी पट्टी बघत गाडी चालवत होते. बारा किलोमीटरला एक तास लागला. मी मागच्या सीटवर त्याचे श्वास मोजत होते. वाईला पोचल्यावर नेब्युलायझर लावला, पहाटे तो शांत झोपला. त्याच आठवड्यात आम्ही घरी नेब्युलायझर घेतला, डॉक्टरांकडून वापर शिकून. तुमचा मुलगा त्याच वयाचा आहे. त्याला दम्याची किंवा वारंवार सर्दी-खोकल्याची तक्रार असेल तर दोन वर्षं थांबा, एवढं मी हात जोडून सांगेन. इथल्या ओलीत घरातल्या भिंतींवर बुरशी येते, कपाटात बल्ब लावून ठेवावा लागतो, लंगोट चार-चार दिवस वाळत नाहीत. बाळाला ते बाधतं.

घराबद्दल. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकामावर आणि जमिनीचा वापर बदलण्यावर कडक निर्बंध आहेत, आणि ते असायलाच हवेत. त्यामुळे घरं मोजकी आणि जी आहेत त्यांतली कितीतरी पर्यटकांना दिवसावर दिली जातात. २०२२ मध्ये आम्ही क्वार्टर सोडून भाड्याने घर शोधायला लागलो तेव्हा एका मालकांनी भाडं अगदी कमी सांगितलं आणि शेवटी म्हणाले, एप्रिल-मे मध्ये मात्र घर रिकामं करून द्यायचं. दोन मुलं आणि सगळा संसार घेऊन दोन महिने कुठे जायचं? करारात बाराही महिने राहण्याचं स्पष्ट लिहून घ्या. आणि ‘दरीचं दृश्य, स्वस्त प्लॉट’ अशा जाहिरातींना अजिबात भुलू नका. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, आणि या भागात प्लॉट घेतला म्हणजे त्यावर घर बांधता येईलच असं नाही. निदान दोन वर्षं तरी काही विकत घेऊ नका.

तुमच्या कामासाठी: पावसाळ्यात वीज जाते आणि तिच्यापाठोपाठ इंटरनेटही. चांगला इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं लागतील. कंपनीला आधीच सांगून ठेवा. घरून काम करण्याची परवानगी कायमची आहे ना, तेही लेखी घ्या. इथून पुण्याला रोज ये-जा होत नाही. नाताळ ते नववर्षाच्या आठवड्यात तर घाटात गाड्यांची रांग लागते, गावातल्या गावातही गाडी हलत नाही.

मुलीच्या शाळेचं फार लिहीत नाही. नामांकित निवासी शाळांची फी बघून घाबरू नका. रोज घरून येणाऱ्या मुलांना घेणाऱ्या शाळा आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळाही आहेत. आमचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो आणि त्याच्या बाईंसारख्या शिक्षिका मी पुण्यातही पाहिल्या नव्हत्या.

मग एवढं सगळं असूनही आम्ही इथे का? ऑक्टोबरच्या शेवटी एके सकाळी धुकं उठतं आणि धोम धरणाचं पाणी खाली लख्ख दिसतं. मुलं शाळेतून चालत घरी येतात, येताना कुणाच्या अंगणात थांबली तर ते घर आम्हाला फोन करतं. यजमान संध्याकाळी दमलेले असतात पण घरी यायला त्यांना सात मिनिटं लागतात. माझी मुलगी पावसाचे पाच-सहा प्रकार ओळखते आणि प्रत्येकाला तिने नाव ठेवलंय. मला हे सोडायचं नाही, आणि तुम्हालाही ते मिळावं असं मनापासून वाटतं.

ठरवण्याआधी एवढं करा. येत्या जुलैत चौघंही या, निदान तीन आठवडे. हॉटेलात नको, स्वयंपाकघर असलेल्या खोलीत उतरा. तुम्ही रोजचं काम नेहमीसारखं करा. या काळात गाडी न वापरता पत्नीला दोन-तीनदा एसटीने वाईला जाऊन येऊ द्या. तिथल्या रुग्णालयांत चौकशी होईल आणि मुलांना दिवसभर सांभाळायचं काम तुमच्याकडे येईल. जायचं की नाही, हे तीन आठवड्यांनंतर आधी त्यांना सांगू द्या. येणार असाल तर इथेच कळवा, मावशींच्या ओळखीने खोली बघून ठेवते.