ठिपका हलला की पकडायचा!

प्रश्न : नेपच्यूनच्या पलीकडे हजारो बर्फाळ गोळे सापडलेत म्हणतात, पण मोठ्या दुर्बिणीतूनही ते नुसते ठिपकेच दिसतात ना? मग लाखो ताऱ्यांमधला नेमका कुठला ठिपका तो हे कळतं कसं, आणि अमक्याचा आकार असा, तमक्याला कडं आहे, हे ठामपणे कशाच्या जोरावर सांगतात?

उत्तर : दिसतात ठिपकेच, त्यात काही खोटं नाही. पण तारे जागचे हलत नाहीत आणि हे हलतात, सगळी गंमत तिथेच आहे. एकाच जागेचे तास-दोन तासांच्या अंतराने तीन-चार फोटो घ्यायचे आणि एकामागून एक झपाझप दाखवायचे, जो ठिपका सरकला तो आपला. 1930 मध्ये क्लाइड टॉमबॉने प्लूटो असाच धरला, फक्त त्याच्याकडे फोटोच्या काचेच्या प्लेट होत्या आणि 23 आणि 29 जानेवारीची प्लेट आलटून पालटून बघत बसायचं काम डोळ्यांनी करायचं होतं. आता ते कॉम्प्युटर करतो.

बरं, सरकतात म्हणजे किती? पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढं अंतर कापायला साधारण तीन आठवडे! आणि यातली बरीचशी चाल त्या बिचाऱ्याची नसतेच, आपलीच असते. धावत्या गाडीतून जवळची झाडं भराभर मागे जातात आणि लांबचा डोंगर सावकाश जातो ना, तसंच पृथ्वी पळते म्हणून तो मागे सरकल्यासारखा दिसतो, आणि जितका सावकाश तितका लांब. म्हणजे पहिल्याच रात्री अंतराचा अंदाज येतो. मला तर यातला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो.

अडचण उजेडाची. सूर्याचा प्रकाश तिथवर जाताना पातळ होतो आणि परत येताना पुन्हा पातळ होतो, त्यामुळे वस्तू दुप्पट लांब नेली की सोळापट मंद. म्हणून तर डेव्हिड ज्युइट आणि जेन लू या खगोलशास्त्रज्ञांना पाच वर्षं चिकाटीने आकाश चाळावं लागलं तेव्हा कुठे 1992 च्या ऑगस्टमध्ये हवाईच्या मौना केआ पर्वतावरून प्लूटो आणि त्याचा चंद्र सोडून तिकडचा पहिला गोळा मिळाला (आता त्याचं नाव अल्बियन). आणि सापडला म्हणजे झालं असंही नाही हं, पुढची दोन-तीन वर्षं पुन्हापुन्हा बघितला नाही तर कक्षा नीट बसत नाही आणि तो चक्क हरवतो.

आता आकाराचं. गोळा एखाद्या ताऱ्यासमोरून गेला की तारा क्षणभर विझतो, याला पिधान म्हणतात. तेव्हा पडणारी गोळ्याची सावली जमिनीवर कुठून जाणार हे आधी काढायचं आणि त्या वाटेवर आडव्या रांगेत दुर्बिणी लावायच्या. अॅरोकॉथ नावाच्या अशाच एका गोळ्यासाठी जुलै 2017 मध्ये अर्जेंटिनात 24 दुर्बिणी लावल्या होत्या, वारा इतका की आडोसा म्हणून ट्रक उभे केले, आणि सावली सापडली फक्त पाच जणांना, तीही सेकंदभर. पण पाच ठिकाणी तारा कधी गेला कधी आला या वेळा जुळवल्या तर दोन गोळे चिकटल्यासारखी आकृती निघाली! 1 जानेवारी 2019 ला नासाचं न्यू होरायझन्स यान जवळून गेलं तेव्हा फोटोतही तेच, चिकटलेले दोन गोळे, लांबी 36 किलोमीटरच्या आसपास, रंग लालसर.

कड्यांचंही तसंच आहे, मुख्य पिधानाच्या थोडं आधी आणि थोडं नंतर ताऱ्याने छोटासा डोळा मिचकावला तर समजायचं की बाजूला काहीतरी आहे. हौमिया नावाच्या तिकडच्याच गोळ्याचं कडं 2017 मध्ये असंच कळलं, क्वावार नावाच्या दुसऱ्याचंही असंच, आणि क्वावारचं तर त्याच्यापासून इतक्या लांबवर आहे की तिथल्या कणांचा एव्हाना चंद्र बनायला हवा होता, तो का बनला नाही यावर अजून डोकेफोड चालू आहे.