फारसे माहीत नसलेले गायक मित्रांना आग्रह न करता कसे सुचवावेत?

तुम्ही लिहिलंय की आवडत्या, पण कुणाला ठाऊक नसलेल्या गायकांची नावं सांगितली की मित्र 'ऐकतो' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. मी नाशिकचा, आणि या बाबतीत एक चूक पुरती करून झालेली आहे. कसारा घाटातून मुंबईला जाताना भाच्याला गाडीत चाळीस मिनिटांचा विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला, ख्याल ऐकवला. मधे मधे 'आता बघ हं' असंही चाललं होतं. गाणं उत्तम होतं, पण त्या पोराला उठून जायची सोय नव्हती. पुढे कितीतरी दिवस माझ्या गाडीत बसला की तो आधी कानात हेडफोन घालायचा. मला ते फार लागलं.

तेव्हापासून समोरच्याच्या आयुष्यात आधीच काय चाललंय ते बघतो आणि त्याला धरूनच एखादं नाव काढतो. शेजाऱ्यांची मुलगी व्हायोलिन शिकायला लागली, तेव्हा तिच्या बाबांना एवढंच म्हटलं, "गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) ख्यालही गायचे आणि व्हायोलिनही वाजवायचे. एकाच माणसाचं दोन्ही ऐकता येतं." लिंक पाठवली नाही. आठवड्याने त्यांनीच मागितली. ऑफिसातल्या एकाला अवकाशयानांचं वेड आहे. १९७७ साली व्हॉयेजरबरोबर गेलेल्या तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे त्याला माहीत होतं. त्यांच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी मात्र त्याने कधी ऐकल्या नव्हत्या. त्या दाराने तो आपणहून आत आला.

आमच्या गावात तर द. वि. पलुस्करांपासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. थोर गायक आणि संगीतगुरू विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत आश्रम काढला होता आणि त्यांचे हे चिरंजीव १९२१ साली नाशिकातच जन्मले. १९५५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी गेले. इंद्रकुंडाजवळच्या पलुस्कर सभागृहात कार्यक्रमांना येणाऱ्या कितीतरी लोकांनी वडिलांचं नाव ऐकलेलं असतं, मुलाचा आवाज नाही. खरं तर जुन्या 'बैजू बावरा' चित्रपटामध्ये अमीर खाँसाहेबांबरोबरच्या जुगलबंदीत तो त्यांच्या कानावरून गेलेला असतो. तेवढी ओळख पटवून दिली की पुरतं. शिवाय त्यांची जुन्या तबकड्यांवरची भजनं तीन-साडेतीन मिनिटांची आहेत, चहा गाळून होईपर्यंत एक संपतं. नवख्या कानाला पहिल्याच दिवशी तासाभराची मैफल देऊ नका.

एका वेळी एकच गाणं द्या. "यापुढे आजचे गायक काहीच नाहीत" हे वाक्य तर कटाक्षाने टाळा, कारण समोरच्याला त्याची आवड कमी लेखल्यासारखी वाटते आणि मग तो तुमच्या गायकावरही रागावतो. 'ऐकलंस का?' असं मी विचारत नाही. हे मला सगळ्यात जड जातं, अजूनही. आवडलं नाही म्हणाला तर कारण विचारावं, पण वाद घालू नये. कधी कधी फक्त ध्वनिमुद्रण खरखरीत असतं, आणि दुसरं एखादं स्वच्छ सापडतं.

आणि त्यांनी दिलेलंही ऐका. व्हायोलिनवाल्या मुलीच्या बाबांनी परवा मला त्यांच्या दिंडोरीकडच्या गावातल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग पाठवलं. एकवीस मिनिटांचं आहे. रात्री पूर्ण ऐकलं, पखवाजवाला कोण आहे ते विचारायला सकाळी फोन केला, आणि येत्या एकादशीला आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत.