वाचक विचारतात : जुनी टॉर्च, नवा एलईडी

प्रश्न : दोन मोठ्या (डी) सेलची पत्र्याची टॉर्च आहे. बल्ब काढून एलईडी आणि १८६५० लिथियम सेल बसवता येईल का?

उत्तर : जरूर. दोन डी सेल मिळून साधारण १२२ मिमी भरतात. १८६५० सेल ६५ मिमी लांब, १८ मिमी जाड. त्याभोवती पीव्हीसी नळी चढवा आणि मागे सुमारे ५७ मिमीचा ॲल्युमिनियमचा तुकडा ठेवा. संरक्षण सर्किट (जादा चार्जिंग, अति-उतार आणि शॉर्टपासून सेल वाचवणारे) असलेलाच सेल घ्या. तो थोडा लांब असतो, तेवढा तुकडा कापा.

एलईडी सेलला थेट जोडू नका. भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो, पांढऱ्या एलईडीला ३ पुरतात. ३.३ ओहम, १ वॅटचा रेझिस्टर लावल्यास सुरुवातीला ३५० मिलिअँपिअर मिळतात, पण सेल उतरेल तसा प्रकाश मंदावतो. ७१३५ आयसीचा ड्रायव्हर प्रवाह बराच वेळ स्थिर ठेवतो. आमची पसंती त्यालाच.

खरी फसगत उष्णतेत होते. ग्लू-गनने चिकटवलेला एलईडी तापून लवकर मरतो. एलईडी ज्यावर बसवलेला असतो ती २० मिमीची ॲल्युमिनियम पट्टी थर्मल पेस्ट लावून ३ मिमी जाड चकतीवर स्क्रूने आवळा. चकतीची कड टॉर्चच्या अंगाला घट्ट टेकली पाहिजे. रिफ्लेक्टर सोल्डरला टेकला तर शॉर्ट होईल, मध्ये कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारा, वीजरोधक) लावा.

प्रश्न : वर्कशॉपसाठी घड्याळ कोणते?

उत्तर : रेझिन पट्ट्याचे डिजिटल क्वार्ट्झ. चुंबकाजवळ यांत्रिक घड्याळाची केसकमान (गती राखणारी बारीक स्प्रिंग) चुंबकित होते आणि ते पुढे पळते. लेथ किंवा ड्रिलवर मात्र कोणतेही घड्याळ आधी काढून ठेवा.