७६–८१ गिगाहर्ट्झच्या सिरीज-फेड पॅच अ‍ॅरेचा (एकाच लाइनवर ओळीने जोडलेल्या धातूच्या छोट्या पॅचच्या अँटेनाचा) बीम फ्रिक्वेन्सीबरोबर का सरकतो? डिझाइन चुकलंय का?

नाही, डिझाइन चुकलेलं नाही. टोकाकडून फीड (म्हणजे सिग्नल) दिलेल्या सिरीज अ‍ॅरेचा बीम सरकणारच. फीड मधोमध द्या. पॅचमधलं अंतर एका गाइडेड वेव्हलेंग्थइतकं (लाइनमधल्या लहरीच्या लांबीइतकं) असतं, म्हणून मधल्या फ्रिक्वेन्सीला सगळे पॅच एका फेजमध्ये, म्हणजे एकाच तालात येतात. फ्रिक्वेन्सी बदलली की प्रत्येक पॅचला थोडा फेजचा फरक पडतो आणि तो पुढे साठत जातो, म्हणून बीम तिरका होतो. साधारण ३ डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटच्या सबस्ट्रेटवर (बोर्डाच्या इन्सुलेटिंग थरावर) हिशोब करून बघा: अ‍ॅरे ७८.५ गिगाहर्ट्झला जुळवला असेल, तर ८१ ला नुसत्या लाइनमुळेच बीम पावणेतीन अंशांच्या आसपास सरकतो, पॅचच्या रेझोनन्समुळे (पॅच ठराविक फ्रिक्वेन्सीलाच सगळ्यात चांगला चालतो, त्यामुळे) त्यात आणखी भर पडते. दहा पॅचच्या कॉलमचा बीम जेमतेम आठ अंशांचा असतो, तेव्हा हे सरकणं दुर्लक्ष करण्याजोगं मुळीच नाही. मधून फीड दिलं की दोन्ही अर्धे उलट दिशांना सरकतात आणि बीम समोरच राहतो. मात्र बँडच्या टोकांना तो रुंदावतो, गेन (समोरच्या दिशेला मिळणारी ताकद) थोडा पडतो. फक्त ७६–७७ वापरणार असाल तर टोकाचं फीडही चालेल.

एक गोष्ट आधी तपासा, आणि हे मी कळकळीने सांगतोय: बोर्डाचं एचिंग (तांबं कोरून पॅच घडवण्याची प्रक्रिया). इथे पॅचची लांबी जेमतेम एक मिलिमीटर असते. त्यात २५ मायक्रॉनचा फरक पडला तरी रेझोनन्स जवळपास दोन गिगाहर्ट्झ हलतो, आणि सिम्युलेशन अचूक असूनही मोजमाप जुळत नाही.