स्टेप टेस्टमध्ये व्हीओटू मॅक्स 56, घड्याळात 36. कोणता खरा मानायचा?

तुमच्या प्रश्नातला मुख्य भाग असा: क्लायंट पुरुष, वय 46, बैठं काम, बीपीची गोळी चालू. क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्टनंतर (ठरावीक लयीत पायरी चढउतार करून नाडी मोजायची चाचणी) नाडी 132 आली, सूत्राने व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते माप) 56 निघाला, घड्याळ मात्र 36 दाखवतंय. आता 220 वजा वय ही कमाल हृदयगती धरून त्यांचे झोन (व्यायामात नाडी किती ते किती ठेवायची, त्या मर्यादा) काढायचे का?

56 नक्कीच नाही. वर्षानुवर्षं नेमाने पळणाऱ्यांचा आकडा आहे तो. तुमचं गणित बरोबर आहे (111.33 मधून 0.42 गुणिले 132 वजा), म्हणून आधी गोळीचं नाव विचारा. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, बिसोप्रोलोल यांपैकी काही असेल तर तो बीटा-ब्लॉकर. हे औषध हृदयाचे ठोके दाबून ठेवतं. सूत्राला औषधाचा पत्ता नसतो, त्याला कमी नाडी म्हणजे तगडं हृदय एवढंच कळतं. घड्याळही वेग आणि नाडी यांच्यावरूनच अंदाज बांधतं, त्यामुळे तिथला 36 सुद्धा फुगलेला असू शकतो. चाचणीसाठी गोळी थांबवायला मात्र कधीही सांगू नका. ते आपलं काम नाही, आणि बीटा-ब्लॉकर अचानक बंद करणं धोक्याचं असतं.

गोळी अम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन असेल तर ठोके असे दबत नाहीत. मग चूक मोजणीत शोधा. या चाचणीत पायरी सुमारे 41 सेंटिमीटर उंच लागते, पुरुषांसाठी मिनिटाला 24 चढउतार, म्हणजे एका चढउताराला चार पावलं धरून मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) 96 वर. तीन मिनिटं झाली की माणूस उभाच राहतो आणि पाचव्या ते विसाव्या सेकंदातले ठोके मोजून त्यांना चारने गुणायचं. खरी गडबड इथे होते. मनगटावर नाडी शोधताना दहा-बारा सेकंद सहज जातात आणि तेवढ्यात ती उतरायला लागते. पंधरा सेकंदांत एक ठोका कमी मोजला तरी नाडी 4 ने कमी धरली जाते आणि व्हीओटू मॅक्स जवळजवळ 1.7 ने वाढतो. तिसरं मिनिट संपायच्या आधीच बोटं नाडीवर ठेवायची सवय लावा, नाहीतर छातीचा पट्टा वापरा. शिवाय हे सूत्र कॉलेजच्या वयाच्या मुलामुलींवर बेतलेलं आहे. 46 वर्षांच्या, व्यायामाची सवय नसलेल्या माणसाला एवढी उंच पायरी मी देणारच नाही. बरेचदा दम लागायच्या आधी मांड्या भरून येतात.

220 वजा वय: इथे ते 174 देतं. तनाका यांचं 2001 मधलं सूत्र, 208 वजा 0.7 गुणिले वय, 176 देतं. चाळिशीच्या आसपास दोन्ही जुळतात, साठीनंतर दुसरं बरंच वर जातं. पण फरक सूत्रांत कमी आणि माणसांत जास्त आहे. एकाच वयाच्या लोकांची कमाल हृदयगती सरासरीपेक्षा दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणं अगदी सामान्य आहे. बीटा-ब्लॉकर चालू असेल तर दोन्ही सूत्रं बाजूला ठेवा आणि बोर्गच्या 6 ते 20 च्या मापावर (मेहनत किती वाटतेय ते क्लायंटने स्वतः सांगायचा आकडा) चला. सुरुवातीला 11 ते 13, म्हणजे बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतपत.

मी अशा क्लायंटसाठी व्हीओटू मॅक्सच्या मागे लागत नाही. ट्रेडमिलवर त्यांना झेपेल असा चालण्याचा वेग आणि चढ ठरवतो, सहा मिनिटं चालवतो आणि तीन गोष्टी लिहून ठेवतो: शेवटच्या मिनिटाची नाडी, बोर्गचा आकडा, आणि थांबल्यावर एका मिनिटात नाडी किती उतरली. सहा-आठ आठवड्यांनी हेच पुन्हा, त्याच वेळेला, गोळी घेऊन तितकाच वेळ झाल्यावर, आधी तीन तास चहा-कॉफी न घेता, त्याच पंख्याखाली. उकाड्यात तीच चाल दहा ठोके महाग पडू शकते, म्हणून पंख्याचाही आग्रह.

यातून नेमकं काय कळतं, ते क्लायंटलाही समजावून सांगा. त्याच वेगाला शरीराला ऑक्सिजन जवळपास तेवढाच लागतो, म्हणून हृदयाला मिनिटाला रक्तही साधारण तेवढंच फेकावं लागतं. समजा ते 13 लिटर आहे. एका ठोक्याला 100 मिलिलिटर रक्त बाहेर पडत असेल तर 130 ठोके लागतील. सरावाने ते 110 झालं तर 118 पुरतात. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातला द्रव वाढतो, हृदय जास्त भरतं, म्हणून ही घट लवकर दिसायला लागते. बीटा-ब्लॉकरवर ठोक्यांतली घट लहान दिसेल, तिथे बोर्गचा आकडा जास्त बोलका असतो. आधी 14 वाटणारी चाल 11 वर आली की क्लायंटला ते स्वतःच जाणवतं, आणि मला ते कुठल्याही छापील तक्त्यापेक्षा मोलाचं वाटतं.

यापुढे एक क्रम मात्र मोडू नका: आधी आरोग्याची प्रश्नावली, मग बसवून बीपी, मग चाचणी. तुमच्या क्लायंटला औषध चालू आहे, तेव्हा व्यायामासाठी डॉक्टरांची लेखी संमती घ्या. बसून बीपी 200/110 च्या वर असेल तर त्या दिवशी चाचणी नाही. छातीत दुखणं किंवा दडपण, चक्कर, अंगाला गार घाम, वेग वाढवूनही नाडी न वाढणं, नाडी मध्येच चुकणं, यातलं काहीही दिसलं की लगेच थांबवा. बीटा-ब्लॉकरवर नाडी मुळातच सावकाश वाढते, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका, चेहऱ्याकडे आणि बोलण्याकडे लक्ष ठेवा. थांबवल्यावरही लगेच खाली उतरवू नका. तब्येत ठीक असेल तर दोन-तीन मिनिटं हळू चालू द्या, चक्कर किंवा छातीचा त्रास असेल तर बसवा आणि वैद्यकीय मदत बोलवा. व्हीओटू मॅक्सचा खरा आकडा हवाच असेल, तर तो तोंडाला मास्क लावून श्वासातले वायू मोजणाऱ्या चाचणीतूनच मिळतो, आणि या क्लायंटसाठी ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवी.